शब्दचर्चा : सेझिनकोटचा छज्जा, छत्री आणि पुलावरचे बैल

प्रश्न : इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात असलेल्या सेझिनकोट या घराविषयीचा मजकूर मी मराठीत आणत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांचे वास्तुविशारद बंधू सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी १८०५ च्या सुमारास ते मोगल धाटणीत बांधले. मी घरासाठी ‘वाडा’, भिंतीच्या माथ्याशी बाहेर आलेल्या रुंद दगडी पट्टीसाठी ‘सज्जा’, छपराच्या कोपऱ्यांवरील घुमटदार मनोऱ्यांसाठी ‘छत्री’ आणि घराच्या कायदेशीर दर्जासाठी ‘संरक्षित स्मारक’ असे शब्द योजले आहेत. ते योग्य ठरतील का?

पहिला प्रतिसाद : ‘सज्जा’ अवश्य बदलावा. सज्ज्यावर माणूस उभा राहतो आणि छज्ज्याखाली उभा राहतो, हा भेद आजच्या बोलण्यात पुसट झाला असला तरी बांधकामावरचे गवंडी तो अजून पाळतात; खिडकीवर ओतलेल्या स्लॅबला ते छज्जाच म्हणतात. सेझिनकोटची पट्टी दगडी हस्तांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या टेकूंवर तोललेली असून तिच्यावर कोणी पाऊल ठेवत नाही, म्हणून ती छज्जाच होय. इंग्रजीत लिहिणारे अभ्यासकही येथे हाच शब्द वापरतात, तेव्हा आपण तो टाळण्याचे कारण नाही. कोणी ‘वळचण’ सुचवील, परंतु तो शब्द उतरत्या छपराच्या खालच्या कडेशी आणि तिच्या आडोशाशी बांधलेला आहे. पागोळ्या गळाव्यात, पावसात सापडलेल्याने खाली अंग चोरून उभे राहावे, असे चित्र त्यातून उभे राहते. फत्तेपूर सिक्रीच्या उन्हात रुंद छज्ज्याची सावली ही गरज होती, तर सेझिनकोट जेथे आहे त्या कॉट्सवोल्ड्स टेकड्यांच्या ढगाळ हवेत ती मुख्यतः शोभा आहे. म्हणून मजकुरात त्याचे वर्णन करताना ‘उन्हापासून रक्षण करणारा’ असे विशेषण सवयीने चिकटवू नये.

‘छत्री’ हा शब्द वास्तुशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, पण मराठी वाचकासाठी धोक्याचा आहे. आपल्याकडे छत्री म्हटले की पावसाळ्यातली छत्री आठवते, नाहीतर पुण्यातील वानवडीची शिंदे छत्री, म्हणजे महादजी शिंदे यांचे स्मारक. राजस्थानी किंवा मोगल इमारतीच्या छपरावर केवळ रेखीवपणासाठी बसवलेल्या छोट्या मंडपालाही छत्री म्हणतात, हे ठाऊक नसलेला वाचक सेझिनकोटच्या छपरावर कोणाची समाधी आहे, असे विचारील. माझ्या मते ‘घुमटी’ हा शब्द येथे जास्त सोयीचा आहे. आकार लहान आहे आणि वर घुमट आहे, या दोन्ही गोष्टी तो न सांगता सांगतो. मधला मोठा, तांब्याच्या पत्र्याने मढवलेला आणि आता हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट मात्र निःशंकपणे ‘घुमट’च. खिडक्यांवरच्या दंतुर, पाकळ्यांच्या कमानींना ‘महिरप’ म्हणता येईल. हा शब्द आपण जेवणाच्या ताटाभोवतीच्या रांगोळीपासून महिरपी कंसापर्यंत वापरत आलो आहोत, त्यामुळे आकार वाचकाला चटकन दिसेल.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे, ‘वाडा’ आणि ‘स्मारक’ यांबद्दल लिहितो. वाड्याला चौक हवा, आणि तो सहसा गावाच्या किंवा पेठेच्या वस्तीत असतो; सेझिनकोटला चौक नाही आणि ते मोकळ्या जमिनीच्या मध्यभागी उभे आहे. ‘गढी’त तटबंदी गृहीत असते. ‘बंगला’ हा शब्द बंगालवरून आला असल्याने कॉकरेल कुटुंबाला शोभला असता, पण त्यात या घराचा पसारा मावत नाही. मी ‘हवेली’ निवडीन आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘इस्टेटीवरील हवेली’ असे लिहीन.

‘संरक्षित स्मारक’ ही मात्र सरळ चूक ठरेल. इंग्लंडमध्ये प्राचीन स्मारकांची यादी वेगळी आणि वापरातल्या वारसा इमारतींची यादी वेगळी. सेझिनकोट दुसऱ्या यादीत, पहिल्या श्रेणीत आहे. त्या यादीतील इमारतींपैकी सुमारे २.५ टक्केच या श्रेणीत मोडतात. अशा घरात लोक राहू शकतात, मात्र त्याचे स्वरूप बदलेल असे काम करण्यापूर्वी खास परवानगी घ्यावी लागते. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून ‘वारसा वास्तू, श्रेणी १’ अशी भाषा रुळली आहे. दोन्हीकडच्या श्रेणी तंतोतंत जुळत नसल्या, तरी मराठी वाचकाला ती परिचित आहे, तीच घ्यावी.

आणखी एक सूचना. ‘मोगल धाटणीचे घर’ याऐवजी ‘मोगल धाटणीचे बाह्यरूप’ लिहावे, कारण दाराच्या आत पाऊल टाकताच सगळे ग्रीक-रोमन वळणाचे लागते. सॅम्युअल कॉकरेल स्वतः भारतात कधीच आले नव्हते; त्यांच्यापुढे चित्रकार थॉमस डॅनियल यांनी भारतप्रवासात केलेली चित्रे होती.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. बागेतल्या पुलाच्या कठड्यावर बसलेल्या बैलांना इंग्रजी मजकुरात ब्राह्मणी बैल म्हटले आहे. ते तसेच ठेवावे का?

पहिला प्रतिसाद : तसे ठेवल्यास हसे होईल. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग देवाला सोडलेल्या, वशिंड असलेल्या बैलाविषयीचा आहे आणि त्यासाठी मराठीत ‘पोळ’ हा नेमका शब्द आहे. पण पोळ मोकाट हिंडतो, आणि हे बैल पाय दुमडून देवळापुढच्यासारखे बसलेले आहेत, म्हणून ‘नंदी’ लिहावे. समोर पिंडी नाही, बागेत जे देऊळ आहे ते सूर्याचे आहे, ही विसंगती बागेतील या रचना सुचवणाऱ्या डॅनियल यांची आहे, अनुवादकाने ती झाकू नये. त्याच पुलाखालचे खांबही पाहावेत : चौरस बैठक, वर पन्हळीदार गोल दांडा आणि त्यावर दाबलेल्या उशीसारखे शीर्ष, अशी ही घडण घारापुरीच्या लेण्यांतील खांबांवरून घेतलेली आहे. तेथे ‘एलिफंटा’ न लिहिता ‘घारापुरी’ लिहावे.