पदवी ते पहिली नोकरी : आपले अनुभव लिहा

पदवी हाती पडल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा काळ कसा गेला आणि घोडे नेमके कुठे अडले, हे या धाग्यात सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. उपदेश नको, स्वतःवर गुदरले तेवढेच लिहावे.

*

मी संख्याशास्त्राची पदवीधर. पहिल्या चार महिन्यांत ७० हून अधिक अर्ज केले आणि त्यांपैकी बहुतेकांना साधा नकारही आला नाही. एकदा अर्ज भरताना लक्षात आले, की जोडलेल्या बायोडेटावरून फॉर्मचे रकाने आपोआप भरले गेले आहेत आणि ‘सध्याचे पद’ या रकान्यात ‘बुद्धिबळ, वाचन’ असे आले आहे. हौसेने दोन स्तंभांत मांडलेला तो मजकूर संगणक सलग आडवा वाचत होता. सगळे एका स्तंभात साधेपणाने लिहून काढल्यावर मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. तोवर माझा अर्ज कोणा माणसाच्या नजरेस पडला होता की नाही, याची शंकाच आहे.

*

जाहिरात नवपदवीधरांसाठी आणि अट दोन वर्षांच्या अनुभवाची! त्या अनुभवासाठी मी सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप केली. शेवटच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या नव्या इंटर्नला काम समजावून देण्यास मलाच सांगण्यात आले.

*

उमेदवाराची कुवत मालकाला थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो, हा अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार मी परीक्षेपुरता पाठ केला होता. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या आम्हा नऊही जणांकडे तीच खूण आहे, हे पाहिल्यावर तो खरा समजला. आत गुणपत्रिका कोणी उघडलीच नाही. प्रकल्पासाठी माहिती कशी गोळा केली, एवढेच विचारले आणि नेमके तेच मला धड सांगता आले नाही.

*

मी २००९ चा पदवीधर, म्हणजे ऐन जागतिक मंदीतला. नेमणूकपत्र मिळाले, रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि अखेर पत्रच मागे घेण्यात आले. तात्पुरती म्हणून कारकुनी धरली. मंदी ओसरली, तरी प्रत्येक मुलाखतीत आधी सध्याचा पगार विचारला जाई आणि पुढचा आकडा त्यावरूनच ठरे. माझ्यामागून दोन वर्षांनी बाहेर पडलेली मुले थेट माझ्या वरच्या पदावर आली. (आकस नव्हता, असे म्हणणार नाही.) जवळच्या मित्रांना ज्या जागा ठाऊक होत्या, त्या मलाही ठाऊकच होत्या, माझ्या विषयातली जागा अखेर कळली ती एका जुन्या वर्गमित्राच्या शेजाऱ्याकडून. तेव्हा पदवीला सात वर्षे झाली होती.