बी.फार्म थर्ड इयर, उन्हाळ्याच्या सुट्टीत रिसर्च करायचाय - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आत्ता पाचवं सेम चालू आहे. मी स्वतः डी.फार्म, आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते, त्यामुळे एच-वनचं (कडक नियमांच्या औषधांच्या विक्रीचं) रजिस्टर, एक्सपायरीचा माल परत पाठवणं, डॉक्टरांचं अक्षर लावणं हे सगळं झोपेतसुद्धा जमेल, पण रिसर्च म्हटलं की माझी पाटी कोरी. आणि पोरीच्या डोक्यात आता तेच बसलंय. काउंटरवर बसणार नाही म्हणते, एम.फार्म करायचं आणि जमलं तर पुढे पीएचडी, आणि त्याआधी एखाद्या खऱ्या लॅबमध्ये दोन महिने काम करून बघायचंय. मला आवडलं हे, नाही कशाला म्हणू. पण कुठे, कसं, कधी अर्ज करायचा हे तिला धड माहीत नाही आणि कॉलेजात विचारलं तर "बघू, अजून वेळ आहे" असं उत्तर येतं.

अडचण अशी आहे की सहाव्या सेमनंतर दीडशे तासांचं ट्रेनिंग करायला लागतं आणि कॉलेज म्हणतं ते कंपनीतच करा. तिच्या सीनिअर्सनी केलं ते ऐकलं तर ग्रॅन्युलेशनच्या (गोळीच्या मिश्रणाचे दाणे करायच्या) खोलीबाहेर काचेतून बघत उभं राहायचं आणि शेवटी सर्टिफिकेट घ्यायचं. परीक्षा लांबते, सातवं सेम लगेच सुरू होतं, मधे मोकळे आठवडे उरतात ते किती. त्यात ट्रेनिंगपण आणि रिसर्चपण कसं बसवायचं?

दुसरं म्हणजे तिला इन्स्टाग्रामवर सारख्या जाहिराती येतात, "रिसर्च इंटर्नशिप, घरबसल्या, पेपर पब्लिश करून मिळेल", फी भरा आणि नाव नोंदवा. तिच्या दोन मैत्रिणींनी भरले पण पैसे. हे खरं असतं का? विषय विचाराल तर तिला फार्माकॉलॉजी (औषधं शरीरात काय करतात ते) आवडतं, डायबेटिसवर उंदरांवर काहीतरी करायचंय म्हणते.

पुण्या-मुंबईत चालेल, लांब पाठवायचीपण तयारी आहे. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

- मेडिकलवाली

—

पेस्टल_मॉर्टर:

ताई, आधी दीडशे तासांचं सांगतो कारण तिथे कॉलेजं उगाच घाबरवतात. फार्मसी कौन्सिलच्या बी.फार्मच्या नियमावलीत सहाव्या सेमनंतर आणि सातव्याच्या आधी चार आठवड्यांत मिळून किमान १५० तास असं आहे, पण ते फक्त कारखान्यातच असं कुठेही म्हटलेलं नाही. प्रॉडक्शन, क्यूसी, क्यूए (माल तपासणं, दर्जा सांभाळणं) यांच्याबरोबर अ‍ॅनालिटिकल लॅब, फार्मा आरअँडडी, हॉस्पिटल, क्लिनिकल रिसर्च ऑर्गनायझेशन, एवढंच काय कम्युनिटी फार्मसीसुद्धा त्या यादीत आहे. म्हणजे तुमच्या दुकानातसुद्धा झालं असतं, पण ते तिला नकोय हे कळलं :) मुद्दा असा की रिसर्च लॅबमधलेच तास ट्रेनिंग म्हणून धरता येतात का, हे प्रिन्सिपलना आत्ताच लेखी विचारा. नंतर नाही. शेवटी रिपोर्ट आणि लॅबच्या अधिकाऱ्यांच्या सहीचं सर्टिफिकेट लागतं, तेवढं नीट मिळालं की सहसा अडत नाही.

उंदरांचा नाद सध्या सोडायला सांगा. प्राण्यांवर काम करायचं तर संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते आणि दोन महिन्यांत फक्त त्याची फाईल फिरेल. तिथे आधीच मंजूर झालेला एखादा प्रोजेक्ट चालू असेल तर शेजारी उभं राहून शिकता येईल, पण "माझं काम" म्हणून हातात काही येणार नाही. त्यापेक्षा फॉर्म्युलेशन किंवा अ‍ॅनालिसिस बघा. डिझोल्युशनचंच (गोळी किती वेळात किती विरघळते ते) घ्या, ९०० मिली मीडियम, ३७ डिग्री, ठरावीक मिनिटाला सॅम्पल काढा, तेवढंच ताजं मीडियम टाका, सॅम्पल फिल्टर करा, यूव्ही मशीनवर रीडिंग घ्या. ऐकायला कंटाळवाणं आहे पण कॅलिब्रेशन कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांच्या सॅम्पलांचा आलेख) सरळ का येत नाही यावर डोकं फोडताना जे शिकायला मिळतं ते कुठल्याच वेबिनारात मिळत नाही.

—

आंबट_वरण:

कशाला हे सगळं? जीपॅटचा (एम.फार्मच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करू दे. जीपॅट क्वालिफाय झाली की एम.फार्मला महिन्याला १२,४०० स्टायपेंड आणि रिसर्च तिथे करायचाच आहे की. उगाच सुट्टीची माती.

—

अनुस्वार:

आंबट_वरण, दोन्ही होतं हो, सुट्टीत दिवसभर कोण जीपॅट वाचतं.

ताई, मी पुण्यात पीएचडी करतेय, आमच्याकडे दर उन्हाळ्यात अशी मुलं येतात म्हणून लिहिते. तीन सायन्स अकॅडमींची एकत्र समर रिसर्च फेलोशिप असते, बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी (या दोन्हीही राष्ट्रीय विज्ञान अकॅडमी). दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम आणि वर स्टायपेंड. अर्ज ऑनलाईन असतो आणि तो हिवाळ्याच्या तोंडावर भरायचा असतो, मे महिन्यात नाही! मुलं एप्रिलमध्ये जागी होतात तोवर लिस्टपण लागलेली असते. काय करायचंय यावर छोटं टिपण आणि एका शिक्षकाची शिफारस लागते. ती शिफारस वेळेत अपलोड झाली का हे मुलीने स्वतः पाठपुरावा करून बघायचं, सर विसरतात. पात्र अभ्यासक्रमांची यादी साईटवर आधी वाचा.

त्यात नाव आलं नाही तर थेट मेल. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (पेशींवरच्या संशोधनाचं केंद्र), आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था, मुंबईत माटुंग्याला आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था), बाहेर जायचं तर लखनौचं सीडीआरआय (औषध संशोधन संस्था) आणि मोहाली, हैदराबाद, अहमदाबादची नायपर (फार्मसीच्या राष्ट्रीय संस्था). बहुतेक ठिकाणी आधी एखाद्या शास्त्रज्ञाचा होकार लागतो, मग बोनाफाईड आणि कॉलेजचं पत्र. मेल मात्र नीट लिहायला सांगा. आमच्या सरांना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली पॅशनेट" असले मेल ढिगाने येतात, वर सीसीमध्ये अजून वीस प्राध्यापक दिसतात, ते न वाचताच डिलीट होतात. तिने त्या सरांचा एक, एकच, पेपर खरंच वाचावा आणि त्यातलं न कळलेलं काहीतरी पहिल्या दोन ओळींत विचारावं. मग मोकळ्या तारखा, काय येतं (टायट्रेशन, टीएलसी, एक्सेल जे असेल ते) आणि एक पानाचा सीव्ही. आठवडा-दहा दिवसांनी एकदा आठवण करायची. बऱ्याच जणांकडून उत्तर येणार नाही, ते मनाला लावून घ्यायचं नाही.

संस्थेच्या नावापेक्षा रोज भेटणारा गाईड किंवा सीनिअर आहे का ते बघा. मोठ्या लॅबमध्ये दोन महिने फक्त काचसामान धुतलेली मुलं मी पाहिलीत, आणि साध्या कॉलेजात सरांनी शेजारी बसून एचपीएलसी मशीन शिकवलेलीपण पाहिलीत.

फी भरून रिसर्च? नाही. काही संस्था ट्रेनिंगची अधिकृत फी घेतात, ती त्यांच्या वेबसाईटवर लिहिलेली असते आणि पावती मिळते, ते वेगळं. पण पेपरमध्ये नाव लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. पुढे मुलाखतीत कोणी त्या पेपरमधली आकृती समजावून सांग म्हटलं की बोंबलणार.

—

रॅमिप्रिल:

मी सरकारी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजीत आहे. फार्माकॉलॉजीच आवडत असेल तर औषधांच्या दुष्परिणामांचं काम का बघत नाही? फार्माकोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, २०११ पासून गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो बघतं, आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांत एडीआर (औषधाचे दुष्परिणाम) मॉनिटरिंग सेंटर आहेत, मुंबईत केईएममध्ये आहे. उंदीर नको, महागडी केमिकल्स नकोत. वॉर्डात फिरून केस नोंदवायची, नारान्जो स्केलचे (त्रास खरंच त्या औषधामुळे आहे का ते ठरवायचे) १० प्रश्न लावायचे, ९ किंवा जास्त स्कोअर आला तर डेफिनिट, ५ ते ८ प्रोबेबल, असं. पेशंटचा डेटा वापरून अभ्यास करायचा असेल तर इथेही एथिक्स कमिटी आहेच, म्हणून मंजूर असलेल्या चालू कामात सामील व्हायचं.

आणि ताई, हे तुमच्याही कामाचं. रॅमिप्रिल (बीपीची गोळी) चालू असलेले आजोबा कोरड्या खोकल्याचं सिरप मागायला परत परत येतात ना? ते सिरपने जात नाही, गोळीमुळे आहे. सस्पेक्टेड एडीआरचा फॉर्म फार्मासिस्टलाही भरता येतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. मुलीला तुमच्याच काउंटरवर बसून असे दोन-चार फॉर्म भरू द्या, सेंटरला मेल करताना लिहायला काहीतरी खरं असेल.

—

मेडिकलवाली:

बापरे, एवढं सगळं. पेस्टल_मॉर्टर, ती नियमावली आज डाउनलोड करून वाचली, आहे तसंच लिहिलंय, उद्या मुलगी प्रिन्सिपलना अर्ज देतेय. अनुस्वार, अकॅडमीची साईट उघडून बसलीय आता ती, शिफारशीसाठी फार्माकॉलॉजीच्या मॅडमना विचारणार आहे. उंदरांवरून जरा रुसली पण रॅमिप्रिल यांचं वाचून म्हणाली की आपल्याकडे ते खोकलावाले काका आहेत की! खरंच आहेत, दर पंधरा दिवसांनी येतात, मी आजवर आलं घालून काढा प्या म्हणून सांगत होते. आता त्यांना आधी डॉक्टरकडे परत पाठवते.

एक राहिलं. पुण्यात नंबर लागला तर राहायचं काय? हॉस्टेल मिळतं का?

—

अनुस्वार:

गृहीत धरू नका. उन्हाळ्यात गेस्ट हाऊस, हॉस्टेल सगळं फुल्ल असतं, होकाराचा मेल आला की त्याच दिवशी विचारायचं. नाहीतर पाषाण, सुतारवाडी भागात मुलींचे पीजी आहेत, महिन्याच्या बोलीवर मिळतात पण डिपॉझिट किती परत देणार ते आधी लिहून घ्या. मुलीला मेल लिहून झाला की मला विपू (विचारपूशीत मेसेज) करायला सांगा, पाठवायच्या आधी एकदा वाचून देते.