मदत हवी आहे: पंपाचं गणित, घरात तीन उत्तरं, उद्या टेस्ट

सक्करदऱ्याचा_बाबा
पोरगी नववीत आहे, कार्य आणि ऊर्जा चालू आहे. मोटर ७५० लिटर पाणी १२ मीटर उंच टाकीत चढवते तर शक्ती किती. पुस्तकाच्या मागे उत्तर १४७ वॅट दिलंय. पोरीचं १५ येऊन राहिलं, माझं ८८२०, अन् बायको म्हणते पुस्तकच चूक आहे. दीड तास झाला, वरण-भात गार होऊन गेला. कोणी लवकर सांगा, अन् नुसतं सूत्र नका टाकू, सूत्र आमच्याजवळ बी आहे.

तर्रीपोहे
किती वेळात?

सक्करदऱ्याचा_बाबा
आत्ताच पाहिजे भाऊ, पोरगी पेंगून राहिली

तर्रीपोहे
अहो तुम्हाले नाही, मोटरले किती वेळ लागते ते विचारून राहिलो 😄 वेळ नसला तर शक्ती कुठून काढाची

सक्करदऱ्याचा_बाबा
१० मिनिटं. ते तर प्रश्नातच आहे ना.

तर्रीपोहे
तुमच्या पुस्तकातल्या प्रश्नात असन. इथं कुठं लिहिलं तुम्ही?

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी सीजीएस, म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धत होती. ७,५०,००० ग्रॅम गुणिले ९८० गुणिले १२०० सेंटिमीटर, म्हणजे कार्य अर्गमध्ये, त्या पद्धतीतल्या एककात आले. त्याला एक कोटीने भागले की ज्यूल. हल्लीच्या मुलांना डाइन हे त्यातले बलाचे एकक हेसुद्धा ठाऊक नसते.

ऑरेंजबर्फी
सर, उद्या टेस्ट आहे हो तिची, एक कोटीनं कुठं भागायला लावता.
बाबा, सोपं आहे. ७५० लिटर पाणी म्हणजे ७५० किलो धरा, जी म्हणजे गुरुत्वत्वरण १० धरा, ७५० × १० × १२ = ९०,००० ज्यूल, भागिले ६०० सेकंद = १५० वॅट. झालं.

सक्करदऱ्याचा_बाबा
१४७ पाहिजे, १५० नाही. आता हे चौथं उत्तर झालं आमच्या घरात.

तर्रीपोहे
बर्फी, बोर्डात ९.८ धरतात. १० तुमच्या कोचिंगवाल्यायची सवय आहे, पेपरात जी दिला नसन तर ९.८ च घ्याचा.

ऑरेंजबर्फी
३ वॅटनं काय फरक पडते? पद्धतीले मार्क असतात.

तर्रीपोहे
मागे १४७ छापलं अन् पोरीनं १५० लिहिलं तर ती रात्रभर झोपणार नाही, हा फरक पडते.
बाबा, आता तुमचं दोघायचं पाहा. ७५० × ९.८ × १२ = ८८,२००. हे तुमचं बरोबर आलं होतं, पण भागलं तुम्ही १० नं, मिनिटाचे सेकंद केलेच नाही, म्हणून ८८२०. पोरीनं ६०० नं भागलं, पण ७५० × १२ वरच थांबली, जी घेतलाच नाही. किलो म्हणजे वस्तुमान, बल नाही, न्यूटन करायले ९.८ नं गुणावं लागते. १५ × ९.८ करून पाहा, काय येते. एक चूक तिची, एक तुमची, दोघायची वही एक केली असती तर तेव्हाच निघालं असतं.

वाइंडिंगवाला
१४७ वॅटची मोटर कोणी बसवत नाही भाऊ. १२ मीटर म्हणजे चाळीस फूट होते, अर्ध्या एचपीच्या, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीच्या खाली जाऊच नका. बोअर आहे का विहीर? सक्शन किती फूट? टिल्लू (छोटा पंप) लावून नळाची लाईन ओढत असान तर आधी ते बंद करा.

सक्करदऱ्याचा_बाबा
भाऊ मोटर घ्यायची नाही आहे, गणित आहे.
१४७ आलं. पण आता ती दुसरं विचारून राहिली. हमाल ५० किलोचं पोतं डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं २० मीटर जातो, कार्य किती. पुस्तक म्हणते शून्य. शून्य कसं?

कळमन्याचा_पोट्टा
शून्य??? मे महिन्यात कळमन्याच्या मार्केट यार्डात येऊन पाहा म्हणा, पंचेचाळीस डिग्रीत पोतं घेऊन वीस पावलं चालून दाखवा, मग शून्य लिहा.

निवृत्त_मास्तर
भावना समजते, पण भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेतले विस्थापन. तो पोते वरच्या दिशेने धरून आहे आणि जातो आडवा. नव्वद अंशाचा कोन. त्याच्या बलाने पोत्यावर केलेले कार्य शून्यच. घाम येतो कारण स्नायू सारखे आवळलेले असतात, त्यांची ऊर्जा शरीरातच उष्णता होऊन जाते. मात्र पोते जमिनीवरून डोक्यावर घेताना, दीड मीटर धरा, ५० × ९.८ × १.५ = ७३५ ज्यूल कार्य झाले. ते कोणी नाकारत नाही.

कळमन्याचा_पोट्टा
म्हणजे उचलायचेच पैसे द्या, न्यायचे नका देऊ. आमच्या दलालाले नका सांगू सर हे.

तर्रीपोहे
७३५ ज्यूल एका सेकंदात केले तर ७३५ वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा असते. म्हणजे उचलायच्या त्या सेकंदापुरता हमाल जवळजवळ एक घोडा.

वाइंडिंगवाला
एक एचपीची तांब्याच्या वाइंडिंगची मोटर कितीले येते माहीत आहे ना

सक्करदऱ्याचा_बाबा
झोपली पोरगी. वहीच्या कोपऱ्यात लाल पेनानं ‘सेकंद!! ९.८!!’ लिहून झोपली. सगळ्यायचे आभार.
वाइंडिंगवाले भाऊ, आता मीच विचारतो. आमच्या घरची अर्ध्या एचपीची आहे, म्हणजे ३७३ वॅट. टाकी तेवढीच, उंची गणितापेक्षा कमीच, तरी पाऊण तास लागते. गणितानं पाच मिनिटांत भरायले पाहिजे होती. हे काय आहे मग?

वाइंडिंगवाला
आता आले लाईनवर. पाइप पाऊण इंची आहे का एक? एल्बो किती? अन् फूट व्हॉल्व्ह शेवटचा कधी साफ केला ते सांगा.

सक्करदऱ्याचा_बाबा
फूट व्हॉल्व्ह कुठं असतो?