बाँडचे दहा लाख भरून प्लॅबला (ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करण्यासाठीची परीक्षा) निघावं का?

पीएचसीवाला:
सरकारी कॉलेजातून एमबीबीएस. सध्या नंदुरबारकडे एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, सात महिने उरलेत. नीट-पीजीची रँक सांगण्यासारखी नाही. आयईएलटीएसमध्ये (इंग्रजीची परीक्षा) ७.५ आलेत. बाँड सोडला तर दहा लाख भरायचे. बाबा म्हणतात, भरू, पण तू एकदाचा जा. काय करू?

थंडीतला_डॉक्टर:
बाबांना म्हणावं, पैसे ठेवा. मी सहा वर्षं इंग्लंडात आहे.

प्लॅब १ म्हणजे १८० एमसीक्यू, तीन तास. ती होईल तुझी. प्लॅब २ मँचेस्टरला. सोळा स्टेशनं, म्हणजे पेशंट तपासण्याचे रचलेले प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं. तिथे मी पहिल्यांदा आपटलो. एका स्टेशनला पेशंटचं सोंग घेतलेल्या बाईंना सांगायचं होतं की रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालाय. सांगितलं. त्या गप्प झाल्या. मला ते सहन होईना, मग बायोप्सी, सीटी, केमो, सगळं घडाघडा ओतलं. ओपीडीत दीडशे पेशंट काढलेला माणूस मी: जीभ दाखवा, गोळ्या घ्या, पुढचा! दुसऱ्या वेळी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि तोंड बंद ठेवलं. पास.

पण परीक्षा गौण आहे रे. घोडं पेंड खातं ते नोकरीपाशी. ज्युनियर जागेची जाहिरात सकाळी लागते, अर्जांचा ढीग पडून दुपारी बंद. त्यात ट्रेनिंगच्या जागांसाठी इथेच शिकलेल्यांना आधी घ्यायचं, हे इथल्या सरकारने जुलै २०२५च्या आरोग्य आराखड्यात लिहूनच टाकलंय. गेल्या वर्षी माझ्याकडे एक पोरगा उतरला होता. प्लॅब पास, चारशेवर अर्ज, दोन इंटरव्ह्यू. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा संपला, गेला परत. जाताना स्टेथोस्कोप माझ्याकडेच विसरला, अजून दाराच्या खुंटीला आहे.

बाँड पूर्ण कर. मग मेडिसिनमध्ये वर्षभर हाऊस पोस्ट, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टरची नोकरी.

एमआरसीपीकर:
प्लॅबच कशाला? मेडिसिन आवडत असेल तर एमआरसीपीचे (ब्रिटनची मेडिसिनमधली पदव्युत्तर परीक्षा) तिन्ही टप्पे भारतात देता येतात, पेसेस म्हणजे प्रात्यक्षिकसुद्धा. जीएमसी (ब्रिटनची मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशनला ती चालते. वेळ लागतो, पण वॉर्डातला पगार चालू राहतो.

पीएचसीवाला:
बाबांना अजून सांगितलं नाही. जीएमसीला लागणारं एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टर म्हणून रेकॉर्ड स्वच्छ असल्याचा दाखला, तरी आत्ताच काढून ठेवू?

थंडीतला_डॉक्टर:
अजिबात नको! ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं. मी हौसेने आधी काढलं होतं, ऐन वेळी बाद झालं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा मुंबईची खेप.