मदत हवी आहे: मुलीच्या प्रोग्राममधली चूक मला दिसते, तिला अजून दिसलेली नाही. सांगावी का?

नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. गेली चौदा वर्षे मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते. आधी पुण्यात राहून करत होते, आता घरूनच करते. मुलगी सहावीत आहे आणि गावातल्या मराठी शाळेत जाते. दीड वर्षापासून मी तिला स्क्रॅचवर, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या मुलांच्या भाषेत, प्रोग्रामिंग शिकवते आहे, आणि या शिकवण्यात मीच तिच्या वाटेत येते, असे मला अलीकडे स्पष्ट जाणवू लागले आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून काढण्याचाच मला पगार मिळतो. घरी मात्र ती सवय बाजूला कशी ठेवायची, हे मला जमलेले नाही. प्रश्न नीट कळावा म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिला प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुट्टीतला. तिने पडद्यावर खाडी काढली होती आणि भरतीबरोबर वर येणारी एक होडी केली होती. होडी वर सरकवायचा ब्लॉक, एक सेकंद थांबायचा ब्लॉक, पुन्हा सरकवायचा, पुन्हा थांबायचा, अशी तिने एकाखाली एक चाळीस जोड्यांची माळ लावली होती आणि ती दाखवायला मला हाक मारली. मी खुर्चीच्या मागे उभी राहिले, हात पुढे करून माउस घेतला, ती सगळी माळ काढून टाकली आणि रिपीटचा, म्हणजे तेच काम ठरावीक वेळा करून घेणारा, एकच ब्लॉक लावून त्यात चाळीसचा आकडा घातला. अर्ध्या मिनिटाचे काम होते. होडी पूर्वीसारखीच वर आली. मुलगी म्हणाली, “आता ती तुझी होडी झाली.” त्यानंतर पंधरा दिवस तिने लॅपटॉप उघडला नाही. चाळीस वेळा तेच करून तिचा हात दुखला असता, तिला कंटाळा आला असता, आणि मग रिपीटची गरज तिची तिला वाटली असती. ती संधी मी घालवली, याचे मला आजही वाईट वाटते.

मधल्या काळात, माझ्यापेक्षा तिऱ्हाईत बरा, असे वाटून तिला एका ऑनलाइन शिकवणीलाही घातले होते. तिथे शिक्षक स्वतःचा पडदा दाखवत आणि मुले त्यावरून जसेच्या तसे उतरवून घेत. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आले; त्यातले काही स्वतः करून दाखव म्हटल्यावर तिला काहीच सुचले नाही. ती शिकवणी आम्ही बंद केली.

या विषयावरचे थोडेफार मी वाचले आहे. १९६७ मध्ये गणितज्ञ सेमर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तेव्हापासून त्यांचे म्हणणे साधारण असे होते की संगणकाने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे, आणि प्रोग्राम चालला नाही तर ते नापास होणे न मानता कुठे बिघडले ते शोधायला लागावे. त्याच परंपरेतून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये स्क्रॅच तयार झाले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. हे सगळे मला पटते. पण मूल शेजारी बसलेले असताना आणि चूक समोर दिसत असताना गप्प कसे बसायचे, याचा सराव त्या वाचनातून होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या शेजारी एक वयस्कर तांडेल राहतात. आयुष्यभर होडीवर राहिलेले आहेत, शाळा चौथीपर्यंत झालेली आहे, पण त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ आहेत. पावसाळ्यात त्यांच्या ओटीवर बसून मुलीने त्यांना विचारले, “आजोबा, आज भरती किती वाजता, हे तुम्हांला घड्याळ न बघता कसे कळते?” त्यांनी तिला आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. त्या वेळेनंतर साधारण सव्वासहा तासांनी पाणी पुरते सुकते, आणि साडेबारा तासांच्या आत-बाहेर दुसरी भरती येते.

मुलगी घरी आली ती थेट लॅपटॉपकडेच गेली. मी त्या दिवशी ठरवून स्वयंपाकघरात राहिले. तिने तिथी विचारणारा ब्लॉक लावला, आलेल्या उत्तराला तीनने गुणले, चारने भागले आणि उत्तर पडद्यावर आणले. अष्टमी घातली, सहा आले. पौर्णिमेसाठी पंधरा घातले, ११.२५ आले, तिने ते अकरा वाजून पंचवीस मिनिटे असे वाचले. मला दारातून दिसत होते. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. तिने वहीत पंधरा तिथींचा तक्ता करायला घेतला आणि पंचमीपाशी तिचे पेन थांबले, कारण पडद्यावर ३.७५ आले होते. “आई, तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटे कशी असतील?” मी फक्त एवढेच विचारले, की पाऊण तास म्हणजे मिनिटे किती? ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिने सगळे खोडले आणि तिथीला सरळ पंचेचाळीसने गुणायला सुरुवात केली. पाच गुणिले पंचेचाळीस म्हणजे दोनशे पंचवीस मिनिटे. त्याला साठने भागून भागाकार तो तास आणि बाकी ती मिनिटे. बाकी काढणारा ब्लॉक कोणता, एवढे तिने मला विचारले आणि मी बोट दाखवले. माउस तिच्याच हातात होता. दीड वर्षात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आता माझी अडचण सांगते. त्या प्रोग्राममध्ये आणखी एक चूक आहे, आणि ती मुलीची नसून हिशेबाचीच आहे. तिथीगणिक पंचेचाळीस मिनिटे धरली तर चतुर्दशीला साडेदहा येतात, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेला पाऊण. म्हणजे रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी भरती त्या एका दिवसात दीड तास उडी मारते. समुद्र असे करत नाही. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे जाते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे धरायला हवीत. तशी धरली तर पौर्णिमेला बरोबर बारा येतात आणि पुढच्या पक्षाशी हिशेब जुळतो. जुन्या माणसांनी अठ्ठेचाळीसऐवजी पंचेचाळीस घेतले, याचे कारण मला वाटते ते पाऊणकीतच आहे: पाऊणपट तोंडी करता येते, चार-पंचमांश करायला कागद लागतो. होडी लोटण्यापुरता तो अंदाज पुरेसा होता, आणि नेमकी वेळ तर बंदरागणिक थोडी बदलतेच. क्षयतिथीच्या दिवशी काय करायचे, हा आणखी वेगळा प्रश्न. तो माझ्या डोक्यात दुसऱ्याच मिनिटाला आला होता. तोही मी तिच्यापुढे काढलेला नाही.

मुलीला ही उडी अजून दिसलेली नाही, कारण तिचा तक्ता शुद्ध पक्षापुरताच आहे. तो मोठ्या कागदावर लिहून धक्क्याजवळच्या दुकानात लावायचा तिचा विचार आहे. आमच्याकडच्या बायका सुकतीला तिसऱ्या आणि कालवे काढायला जातात. त्यांना उपयोग होईल, असे ती म्हणते. त्या बायकांना तक्त्याची गरज नाही, पाणी त्यांना पाठ आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यापैकी कोणी पौर्णिमेला सगळ्यांसमोर, “काय गो, तुझे पाणी चुकले,” असे म्हटले, तर ते ती कसे घेईल, हे मला सांगता येत नाही. ती खचेल, की धक्क्यावर बसून पाणी मोजेल? आधीच सांगितले तर पुन्हा “तुझी होडी” होईल. न सांगता एखादा प्रश्न विचारावा, तर तो कोणता आणि कधी? “पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचेही काढून बघ” असे म्हणणे मला उत्तर हातात देण्यासारखेच वाटते. पण कदाचित हा माझा फाजील काटेकोरपणा असेल. ज्यांनी स्वतःच्या मुलांना शिकवले आहे, त्यांनी अशा वेळी काय केले, ते कृपया लिहावे. ज्यांचे पोटापाण्याचे कामच संगणकाचे आहे, अशा आई-वडिलांचे अनुभव मला विशेष हवे आहेत, कारण आपली अडचण वेगळी आहे: आपल्याला उत्तर फार लवकर दिसते.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. वाडीतली तीन मुले रविवारी तिच्याबरोबर बसतात आणि लॅपटॉप एकच आहे. एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने फक्त तोंडी सांगायचे, दर दहा मिनिटांनी अदलाबदल, अशी पद्धत लावली आहे. ती कामाच्या ठिकाणी मी स्वतः अनुभवलेली आहे आणि मुलांतही बरी चालते. वीज गेली की ओटीवर पत्ते खेळतो. चार पुठ्ठ्यांवर एक, दोन, चार आणि आठ ठिपके काढलेले आहेत. मी तिथी सांगते आणि मुलांनी पुठ्ठे उलटसुलट करून तेवढे ठिपके दाखवायचे. चार पुठ्ठ्यांत शून्य ते पंधरा बसतात, म्हणजे पूर्ण पक्ष बसतो. पौर्णिमेला चारही पुठ्ठे उघडे पडतात, तेव्हा मुले ओरडतात. अशा संगणकाशिवायच्या आणखी कृती कोणी करत असेल, तर जरूर सांगा. आमच्याकडे पावसाळा मोठा असतो.

शेवटचे, पायथनबद्दल, म्हणजे ब्लॉक न जोडता सूचना टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आहे, त्यामुळे “आता खरी भाषा शिकव” असे नातेवाईक सांगू लागले आहेत. मला घाई नाही. पण एक गोष्ट मला पायथनकडे ओढते. मुलगी चलांची (प्रोग्राममध्ये आकडे साठवायच्या जागांची) नावे मराठीत देते, आणि तोच कळफलक तसाच राहून एकदा स्क्रॅचच्या प्रश्नाला तिने देवनागरी ५ हे उत्तर दिले, तर भरतीची वेळ शून्य आली. तो आकडा स्क्रॅचला कळतच नाही. पायथनमध्ये टाइप केलेला देवनागरी आकडा संख्येत बदलता येतो आणि चलाचे नावही देवनागरीत देता येते. मात्र आकडा थेट प्रोग्राममध्ये देवनागरीत लिहिला तर चालत नाही, आणि “दुसऱ्या” यासारख्या शब्दात काही कळफलक ऱ्यासाठी एक न दिसणारे चिन्ह घालतात, त्यावर पायथन अडते. जे डोळ्यांना दिसतच नाही, ते अकरा वर्षांच्या मुलीने कसे शोधायचे? मराठी माध्यमातल्या मुलांना पायथनकडे नेताना कोणी नावे मराठीतच ठेवली का, की इंग्रजी नावांची सवय आधी लावली?

भर, तीन दिवसांनंतर: उत्तर देणाऱ्या सर्वांची मी आभारी आहे. दोघांनी विचारले म्हणून सांगते: आम्ही स्क्रॅचची डाउनलोड करून ठेवायची आवृत्ती वापरतो, इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. एका वाचकांनी सुचवले, की प्रोग्रामबद्दल काहीच न बोलता मुलीला रोज धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आले ते खडूने खुणावायला आणि वेळ लिहायला सांगावे. मला ते फार पटले, कारण मग चूक दाखवणारी मी नसेन, पाणी असेल. काल संध्याकाळपासून तिने सुरुवात केली आहे. तांडेल आजोबा सोबत जातात, मी मुद्दाम जात नाही. काल दशमी होती. तक्ता दुकानात लावायचे तिने पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचे ठरवले आहे, आणि तो तिने दोन दिवस उशिरा लावावा असे मला वाटते. तक्ता लावण्याआधी पौर्णिमा आणि प्रतिपदा या दोन्ही दिवशी तिच्या खुणा व्हाव्यात, म्हणून मी काही निमित्त काढून तिला थांबवावे का, की तेही तिच्यावरच सोडावे? माझ्या हातात चार दिवस आहेत.