बटण बंद, तरी वॉल लाइट मिणमिणतो

हॉलमध्ये नवा पितळी वॉल लाइट लावायचाय. भिंतीतून लाल, काळी, हिरवी अशा 3 वायरी आल्यात. जुना एलईडी बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणायचा. आई तिथेच झोपते, तिचा डोळा लागत नाही. काय तपासू?

— ताई, बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) बसलेलं असणार. बटण बंद ठेवून लाल वायरीला टेस्टर लावा. पेटला, तर बटण बंद असूनही दिव्यापर्यंत फेज जिवंत आहे, म्हणून तो मिणमिणतो.

— म्हणूनच हात लावण्याआधी मेन बंद! लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पण जुन्या घरात नुसत्या रंगावर विसंबू नका. पितळी दिवा आहे, हिरवी वायर बॉडीच्या स्क्रूला जोडाच.

— टेस्टर पेटला हो! वायरमनने बोर्ड उघडून फेज बटणावर घेतली. काल हॉलमध्ये मिट्ट काळोख होता, आई सहापर्यंत झोपली.