पालक सभा संध्याकाळी घेतली का कोणी? (नागपूर, पहिली ते चौथी)

आमच्या शाळेत पालक सभा म्हणजे सकाळी अकरा वाजता आया, आज्या आणि एखाददुसरा बाप. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक बसवले, त्यात निम्म्या बाया. समिती झाली, बाकीच्या आईबापांचं काय? यंदा संध्याकाळी सभा घ्यायचं ठरतंय. ज्यांनी घेतली, त्यांनी लिहा.

शिक्षिका, महाल
डिसेंबरात घेऊ नका. साडेपाचनंतर अंधार, त्यात नागपूरची थंडी; तान्हं बाळ घेऊन कोण येईल? आम्ही सप्टेंबरात घेतो. भाषणं बंद केली. प्रत्येकाला वेळेची चिठ्ठी, वर्गशिक्षिकेसमोर पाच मिनिटं, मधे फक्त मुलाची वही. दुसरीतल्या एकाच्या वहीत हातच्याची सगळी गणितं चुकलेली होती. त्याच्या बाबांनी तिथंच खिशातून सुटे पैसे काढले आणि दहाच्या नाण्यांनी हातचा समजावला. मी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच केलं.

एक बाप, कळमना
मी मार्केटात हमाली करतो. सकाळच्या मीटिंगले जमतच नाही, गाड्या तवाच खाली होतात. यंदा सातले ठेवली तं गेलो. मॅडमनं सर्वायसमोर मार्क नाही वाचले, हे बेस केलं. पण पाहुण्याचं भाषण कायले ठेवता बाप्पा? पाऊण तास तो माणूस संस्कारावर बोलत होता, अन् मी पोट्ट्याच्या वाचनाचं विचारायले आलतो.

आई, मानेवाडा
सूचनेत लिहिलं होतं, 'लहान मुलांना सोबत आणू नये.' मग ठेवायचं कोणाजवळ? शेजारीण पण त्याच सभेला! पुढच्या वेळी शाळेनं एक वर्ग मोकळा ठेवला, सतरंजी टाकली, रंगखडू दिले, दोन ताया बसवल्या. तेव्हापासून जोडीनं जातो.

निवृत्त मुख्याध्यापक
तर्री-पोहे ठेवायचा मोह टाळा. आम्ही ठेवले. एका द्रोणातली तर्री थेट हजेरीपटावर गेली आणि तिसरीचा जुलै महिना लाल झाला. शिवाय रांग पोह्यांना लागते, वर्गशिक्षक रिकामे बसतात. चहा आणि चिवड्याचा पुडा पुरे, तोही निघताना.

आजी, इतवारी
पोरगा-सून दोघंही बुटीबोरीला कामाले, तर मीच जाते. मले वाचता येत नाही. मॅडमनं कागद हातात न देता नातवाकडूनच वाचून घेतला. 'घरी अभ्यास करत नाही' हेही त्यालेच वाचाव लागलं.

शिक्षक, हिंगणा
तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात ठेवू नका. अर्धी शाळा नंदी सजवण्यात असते, पालकही. सेकंड शिफ्टवाले संध्याकाळीही सुटत नाहीत, त्यांच्यासाठी शनिवार सकाळचा एक तास वेगळा ठेवतो.

धागा काढणारी
सप्टेंबर, सहा ते आठ, पाहुणे नाहीत. शनिवारचा तासही घेतला. तर्रीचा प्रश्न समितीपुढे मांडते. अध्यक्षांना फार आवडते.